तानाक्काला पेवातली हवा कशी कळते? कथालेखनाच्या चार रविवारांबद्दल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. २२ वर्षं झाली. सौद्याच्या दिवशी दुपारपर्यंत मान वर करायला सवड नसते, त्यामुळे लिहायचं ते रात्री, भांडी आवरून झाल्यावर. आजवर नऊ कथा छापून आल्या, त्यातल्या सहा दिवाळी अंकांत. दहावी कथा गेल्या वर्षी एका संपादकांनी परत पाठवली. सोबत दोनच ओळी होत्या: ‘प्रसंग चांगला उभा राहिलाय. माणसं मात्र आधी कुठं तरी भेटल्यासारखी वाटतात.’

ती चिठ्ठी सहा महिने माझ्या वहीत होती. मला राग आला नव्हता, पण उत्तरही सापडत नव्हतं. मग सांगलीतल्याच विश्रामबागेत कथालेखनाची एक कार्यशाळा आहे असं कळलं आणि विषय वाचून मी त्याच दिवशी पैसे भरले. विषय होता कथेतल्या पात्रांचे आदिबंध (गोष्टीगोष्टींत पुन्हापुन्हा येणारे मूळ नमुने), आणि ते वापरताना बाई-पुरुषांचे ठोकळे, म्हणजे ठरीव साच्यातली माणसं, कशी टाळायची. चार रविवार, सकाळी दहा ते दीड. फी २,४०० रुपये. त्यात २४ कार्डांचा एक संच (प्रत्येक कार्डावर पात्राचं कथेतलं एक काम), एक वही, चहा-पोहे आणि शेवटी आपल्या एका कथेवर लेखी अभिप्राय. आम्ही १७ जण होतो. त्यात निवृत्त मुख्याध्यापक होते, दोन कॉलेजची मुलं होती, इस्लामपूरहून एसटीनं येणारी औषधाच्या दुकानातली एक मुलगी होती, मिरजेचा एक नर्स मुलगा होता.

परत आलेली कथा घेऊनच मी गेले, म्हणून आधी ती थोडक्यात सांगते. कथेचं नाव ‘पेव’. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या काठानं, जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. माल भरून तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. पण उघडल्यावर लगेच उतरता येत नाही. आतली हवा माणसाचा जीव घेते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात या पेवांचं फार नुकसान झालं. माझी कथा त्या पुरानंतरची. विलास नावाचा तरुण घाईनं पेवात उतरायला निघतो. तात्या नावाचे जुने कामगार त्याला समजावतात, अडते शेठ त्याला पैशाची भीती घालतात, आणि त्याची आई तानाक्का पेवाच्या तोंडाशी बसून रडते.

पहिल्या रविवारी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला, आदिबंध. (आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणत होतो. त्यांचं बरंच आयुष्य प्रायोगिक नाटकं बसवण्यात गेलंय.) कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं म्हटलं की आई, सावली, जाणता म्हातारा, खोड्या काढणारा अशा काही प्रतिमा जगभरच्या स्वप्नांत आणि पुराणकथांत पुन्हापुन्हा येतात. युंगवर त्या पाचच मिनिटं थांबल्या. त्यांचा प्रश्न होता, ही प्रतिमा कथेत काम काय करते? मी वहीत माझ्या बाजारातलं उदाहरण लिहून घेतलं आणि तिथं मला विषय कळला. तोलाईदार म्हणजे माल तोलणारा. ते काम झालं. तो चिडका आहे की शांत, घरी त्याची कोण वाट बघतंय, त्याला चहात साखर किती लागते, हे माणूस झालं. आदिबंध कथेतलं काम सांगतो. आपण कामाबरोबर माणूसही आयता उचलतो तिथं घोटाळा होतो. वाट दाखवायचं काम आलं की पांढऱ्या मिशांचा म्हातारा. माया करायचं आलं की पदरानं डोळे पुसणारी आई. भुलवायचं आलं की गजरा माळलेली बाई. ही माणसं वाचकाला आधी भेटलेली असतातच. संपादकांची दुसरी ओळ मला त्या दिवशी उमगली.

मग बाईंनी व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाची यादी मांडली. १९२८ साली त्यानं परीकथांचा अभ्यास छापला. त्यात ३१ घडामोडी आणि सात भूमिका आहेत: खलनायक, देणगी देणारा, मदतनीस, कामगिरीवर धाडणारा, नायक, तोतया नायक, आणि ‘राजकन्या आणि तिचा बाप’ अशी एक. यादी वाचून झाली तशी इस्लामपूरची मुलगी म्हणाली, “बाई, बाकी सगळे काही तरी करतायत. ही एकटी मिळतीय.” बाईंनी ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि चारी रविवार पुसलं नाही. प्रॉपची बाजूही त्यांनी नीट सांगितली. त्याच्या मते भूमिका महत्त्वाची, ती कोण निभावतं हे बदलत राहतं. देणगी एखादी रानातली म्हातारी देईल नाही तर एखादं जनावर देईल. म्हणजे मोकळीक त्या यादीतच होती, राजकन्येच्या वाट्याला तेवढी ती आली नाही.

जोसेफ कॅम्बेलची नायकाच्या प्रवासाची मांडणी १९४९ ची. घर सोडायचं, उंबरठा ओलांडायचा, कसोट्यांतून जायचं, काही तरी मिळवून परत यायचं. मॉरीन मर्डॉक या अमेरिकी लेखिकेनं त्याला विचारलं होतं की यात बाईच्या प्रवासाचं काय. त्याचं म्हणणं असं पडलं की बाईला प्रवासाची गरजच नाही, सगळे जिथं पोचायला धडपडतात ती जागा म्हणजेच ती. मर्डॉकचं समाधान झालं नाही. १९९० मध्ये तिनं नायिकेच्या प्रवासावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

घरी येताना रिक्षात मी माझ्या नऊ कथा एकेक करून आठवल्या. सात कथांत आई दारात उभी आहे. एकीत ती दारात बसलीय.

दुसऱ्या रविवारचा पहिला तास सगळ्या कार्यशाळेत मला सर्वांत मोलाचा वाटला. बाई म्हणाल्या, परदेशातली नावं झाली, आता आपल्या घरातलं बघू. आणि त्यांनी श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी वाचायला सांगितली. आजीच्या तोंडून मी ती लहानपणापासून ऐकलीय. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं-माष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं. ती रानात जाते. तिथं तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, वसा सांगतात. ती तो नेमानं पुरा करते. सासऱ्याला तिचा देव बघायचा असतो, तर रानातलं देऊळ सोन्याचं होतं. बाईंनी फळ्यावर टप्पे मांडले: घर सुटलं, रान आलं, वाट दाखवणाऱ्या भेटल्या (त्याही बायकाच), कसोटी झाली, देणगी मिळाली, ती परत आली. नायकाचा पुरा प्रवास. आणि तो आमच्या स्वयंपाकघरात, पोथीच्या पातळ कागदावर, कित्येक पिढ्या वाचला जातोय.

त्यावर बाईंनी विचारलं, एवढं करून तिला मिळालं काय? वर्ग गप्प. मुख्याध्यापक सर हळूच म्हणाले, “नावडती होती ती आवडती झाली.”

प्रवास तिचा, चालणं तिचं, नेम तिचा, आणि बक्षीस म्हणजे घरच्यांना ती आवडू लागली. मी या कहाणीवर फार प्रेम करते आणि यापुढेही वाचणार आहे. पण त्या दिवसापासून कुठलीही कथा लिहिताना मी एक प्रश्न समासात लिहून ठेवते: हिला शेवटी काय मिळतंय, आणि ते देणारं कोण?

नाट्यशास्त्राचं उदाहरण त्यालाच जोडून आलं. नायक चार: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. चारही नावं स्वभावावरून. अष्टनायिका बघा: वासकसज्जा सजून त्याची वाट बघतेय, विरहोत्कंठिता त्याच्यावाचून झुरतेय, खंडिता त्याच्यावर चिडलीय कारण तो दुसरीकडून आलाय, प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी, अभिसारिका त्याला भेटायला निघालीय. आठही नावं तो कुठं आहे, तिच्याशी कसा आहे यावरून पडलेली. अष्टनायिकांवर आपल्याकडे केवढी चित्रं, केवढं नृत्य आहे, त्यातलं सौंदर्य कुणी नाकारत नाही. पण मिरजेच्या नर्स मुलानं त्याच्या कथेतल्या सगळ्या बायकांच्या नावांपुढं कंसात लिहिलं: अमक्याची बायको, तमक्याची बहीण, याची प्रेयसी. पुरुषांच्या नावांपुढं लिहिलं: हट्टी, भित्रा, उधळ्या. पान आम्हा सगळ्यांना दाखवलं. मीही लगेच तेच करून बघितलं. माझं पान वेगळं नव्हतं. मी बाई आहे, बायकांमध्ये वाढले, बायकांविषयी लिहिते, त्यामुळे हा दोष आपल्यात नसणार असं मी धरून चालले होते.

तमाशाच्या गवळणीवर बाई अर्धा तास बोलल्या. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. इथं उंबरठ्यावर अडवायचं काम साक्षात देवाकडं आहे. मावशी त्या बायकांची म्होरकी, तीच पुढं होऊन वाद घालते, टोमणे मारते, वाट काढते. आणि मावशीचं काम करणारा परंपरेनं पुरुष. एकाच पात्रात म्होरकेपण, थट्टा आणि पाठराखण. बाई म्हणाल्या, मावशीला कुठल्या एका कार्डावर बसवता येतं का बघा. आम्हाला तीन कार्डं लागली. एका माणसाकडं कथेत एकाहून जास्त कामं असू शकतात, आणि कथा पुढं जाते तसं काम हातातून हातात जाऊ शकतं, हे त्या खेळात कळलं.

आता माझ्या कथेकडं येते. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी उत्साहानं बसले आणि तात्यांना मागं सारलं. वाट दाखवायचं काम तानाक्काकडं दिलं. रडणारी आई गेली, आता तीच विलासला सांगते, असं उतर, असं उतरू नकोस, दोर असा बांध. चौथ्या पानावर तर ती शेठला सुनावते. तिसऱ्या रविवारी मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

“तानाक्काला हे कुठून माहीत?”

मी म्हटलं, अनुभव आहे तिला.

“पेवात उतरलीय ती कधी? कुणी उतरू दिलं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या कथेतल्या हरिपुरात पेवात पुरुषच उतरतात, पहिल्या पानापासून. तात्यांचं ज्ञान मी उचलून जसंच्या तसं तानाक्काच्या तोंडात घातलं होतं, फक्त लुगडं नेसवून. बाईंचं म्हणणं असं: काम कुणालाही द्या, पण त्या माणसाला ते काम कुठल्या वाटेनं आलं आणि त्यासाठी काय मोजावं लागलं, हे त्याच्या जागेवरूनच शोधा. बाई-पुरुष अदलाबदल करून थांबलात तर ठोकळा तोच राहतो, रंग बदलतो.

तो आठवडाभर मी दुकानात बसून बायका बघत होते. आमच्याकडं हळद निवडायला बायका असतात, मातीच्या गोळ्यातून गड्डे-हळकुंडं वेगळी करतात. एकीला मी विचारलं, माल दमट आहे हे तुम्हाला कसं कळतं? ती म्हणाली, “हात घालायच्या आधी वास येतो की.” मला तानाक्का तिथं सापडली. ती कधीच पेवात उतरलेली नाही. तीस वर्षं ती तोंडाशी बसलीय, कंदिलाची दोरी धरून. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा खाली असताना वर दोरी धरायची. तिला आतलं काही दिसलेलं नाही. पण तोंड उघडल्यावर पहिला वास कसा येतो, तासाभरानं कसा, पुराचं पाणी शिरलेल्या पेवाचा कसा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कंदील विझायच्या आधी ज्योत कशी बसकी होते, हे खाली बघणाऱ्या पुरुषांना दिसत नाही, तिला दिसतं. आणि तिचं कुणी विचारत नाही, कारण ती उतरलेली नाही. आता ती वाट दाखवते ते स्वतःच्या जागेवरून. तिला सुनवायची गरज उरली नाही. शेठला सुनावायचं ते पान मी काढलं.

तिसऱ्या रविवारचा अभ्यास भाषेचा होता आणि मराठीत लिहिणाऱ्यानं तो करायलाच हवा. बाईंनी सांगितलं, तुमच्या कथेतलं एक पान घ्या, बाईचा पुरुष करा, पुरुषाची बाई करा, आणि मोठ्यानं वाचा. मराठीत हे नुसतं नाव बदलून भागत नाही. आला-आली, थकलेला-थकलेली, त्याचा-तिचा, प्रत्येक ओळीत दहा ठिकाणी पेन्सिल लावावी लागते. त्या दहा ठिकाणी थांबताना गोष्टी दिसतात. माझ्या निवेदनात शेठ ‘म्हणाले’, तात्या ‘बसले’, आणि तानाक्का, जी तात्यांहून वयानं मोठी आहे, ती ‘म्हणाली’, ‘बसली’. मी स्वतः तिला अहो-जाहो घातलं नव्हतं. बाईंनी सरसकट नियम दिला नाही. आई मायेनं एकेरी होते, आपण देवालाही एकेरी हाक मारतो. पण वडीलधाऱ्या बायका एकेरी आणि वडीलधारे पुरुष आदरार्थी, असं पानभर झालं तर ती माया नाही, ती सवय आहे. मी अजून ठरवलेलं नाही. तात्यांना एकेरी करून बघतेय, ते जास्त जवळचे वाटतात.

क्रियापदांचं तसंच. एका कागदाच्या दोन बाजूंना आम्ही बोलण्याची क्रियापदं काढली. बायका फणकारल्या, मुसमुसल्या, कुजबुजल्या, तणतणल्या. पुरुष गरजले, खेकसले, ठणकावून बोलले. कॉलेजच्या मुलानं विचारलं, पुरुष कधी फणकारतो का हो? मुख्याध्यापक सर म्हणाले, रोज फणकारतो, फक्त त्याला आपण ‘चिडला’ म्हणतो. पुढचा पाऊण तास या एका कागदावर गेला आणि कुणालाही चहा सुचला नाही.

तिथंच एक वाद झाला, तो मला नोंदवायचा आहे. माझ्या कथेत तानाक्का म्हणते, ‘मी येतो, तू हो फुडं.’ सरांनी लाल पेनानं ‘येते’ केलं होतं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असंच म्हणतात. मीही घरी तसंच बोलते, लिहिताना ‘येते’ करते, इथंही केलंय. बाई मूळच्या पुण्याकडच्या, पण त्यांनी ‘येतो’ ठेवायला सांगितलं. व्याकरणाच्या पुस्तकातलं लिंग आणि माणसाच्या तोंडातलं लिंग एक असतंच असं नाही, आणि कथेत माणसाच्या तोंडाला मान. त्या दिवशी मला माझी बोली लिहायचा परवाना मिळाल्यासारखं वाटलं. परवान्याची गरज खरं तर नव्हती, पण मला ती वाटत होती.

ताराबाई शिंदे यांचा उल्लेख झाला नसता तर मी नाराज झाले असते. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं की जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय. बाईंनी त्यातून लिहिणाऱ्यांसाठी एक सोपा अभ्यास काढला: पात्राचा एक दोष घ्या, संशय, लोभ, मत्सर, आणि तो तुम्ही कुणाला वाटलाय ते मोजा. माझ्या नऊ कथांत मत्सर पाच वेळा आला, पाचही वेळा जावा-नणंदांना. अडत्यांच्या बाजारात २२ वर्षं काढून मी पुरुषांचा मत्सर लिहिला नव्हता. सौद्यात शेजारच्या दुकानाच्या ढिगाला आपल्यापेक्षा जास्त बोली लागली की चेहरे कसे होतात, ते मी दर आठवड्याला बघते.

चौथा रविवार पुरुष पात्रांचा होता. एवढा मोठा विषय आणि त्याला मिळाला दीड तास, कारण आधीचं लांबलं. हा या कार्यशाळेचा सगळ्यात मोठा दोष. आमच्यातल्या बायकांच्या बहुतेक कथांत पुरुष दोनच प्रकारचे होते, दारू पिणारा नवरा आणि गप्प राहणारा बाप. हे ठोकळेच. आणि त्यांच्यासमोर उभी केलेली, कधी न थकणारी, कधी न चुकणारी कणखर बाई हाही ठोकळाच, आवडता झालेला. यावर चर्चा पेटली होती तेव्हाच वेळ संपली. तरी त्या दीड तासातून मला विलास मिळाला. माझा विलास घाई करत होता, कारण कथेला घाई हवी होती. नर्स मुलगा म्हणाला, पहिल्यांदा प्रेत उचलायचं होतं तेव्हा मी सगळ्यांच्या पुढं गेलो, कारण मागं राहिलो असतो तर पाय थरथरताना दिसले असते. विलासची घाई ही आता त्याची भीती आहे. त्याला ती दाखवायला जागाच नाही, म्हणून तो कंदिलाची वाट न बघता पाय आत टाकतो. नायकाचं काम त्याच्याकडंच राहिलं, पण पेवाइतकंच खोल काही तरी त्याच्या आतही आहे, हे आता पानावर दिसतंय.

जोगत्याचा (देवीला वाहिलेला, बाईच्या वेषात वावरणारा पुरुष) प्रश्नही त्याच दिवशी निघाला. जतहून येणाऱ्या एका गृहस्थांच्या कथेत जोगता दारात येतो, अशुभ सांगतो आणि जातो. निरोप्याचं काम. बाईंनी विचारलं, तो जेवतो कुठं? रात्री कुठं झोपतो? आल्यावर त्याला बसायला कुणी सांगितलं का? त्यांना उत्तरं देता आली नाहीत. बाई आणि पुरुष या दोन रकान्यांत न मावणाऱ्या माणसांना आपण कथेत शकुन-अपशकुनासाठी नाही तर हसण्यासाठी वापरतो, आणि माणूस म्हणून बसवत नाही. यावर अख्खं सत्र हवं होतं. पंधरा मिनिटं मिळाली.

बाकीच्या उणिवाही सांगते. कार्डांचा संच कागदानं चांगला आहे, जाड आहे, धुतलेल्या हातानं वापरला तर वर्षभर टिकेल. पण चित्रं! ‘वाट दाखवणारा’ या कार्डावर दाढीवाला म्हातारा, ‘पोसणारी’वर डोक्यावर पदर घेतलेली आई, ‘भुलवणारी’वर आरशासमोरची बाई. चार रविवार जे शिकवलं त्याच्या बरोबर उलटं कार्डं सांगतात. मी हे तिथंच बोलले. बाईंनी मान्य केलं. संच त्या येण्याआधीच छापून झाला होता म्हणे. मी घरी सगळ्या चित्रांवर कोरा कागद चिकटवला आणि कामांची नावं क्रियापदांत लिहिली: अडवणं, पोसणं, वाट दाखवणं, रूप पालटणं, निरोप आणणं. कार्ड असं उघडं झालं की त्यात कुणीही येऊन बसू शकतं. आयोजकांनी पुढच्या छपाईत एवढं करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, मुख्याध्यापक सरांना गुडघ्यांमुळे त्रास झाला. मागच्या तीन रांगांना बाईंचा आवाज पंख्यात बुडायचा. लेखी अभिप्राय तीन आठवड्यांत मिळेल असं सांगितलं होतं, मला पाच आठवडे लागले.

पण अभिप्राय आला तो तीन पानांचा, हातानं लिहिलेला, ओळीओळीवर. शेवटी एक प्रश्न: ‘ज्योत बसकी झालेली तानाक्काला दिसते. ती बोलते. विलास ऐकत नाही. त्याला ऐकू येत नाही, की बोलणारी पेवात उतरलेली नाही म्हणून ऐकायचं नाहीये?’

२,४०० रुपयांत मला हा प्रश्न मिळाला. पाचपैकी मी चार तारे देते. कापलेला एक तारा चौथ्या रविवारच्या घाईसाठी आणि कार्डांवरच्या चित्रांसाठी आहे. नव्यानं लिहायला लागलेल्यांनी जायला हरकत नाही, पण ज्यांच्याकडं अर्धवट अडलेली कथा आहे त्यांना जास्त मिळेल. कथा छापील नेऊ नका, हातानं लिहिलेली न्या, ओळींमध्ये जागा सोडून. पेन्सिल फार लागते. इस्लामपूर-जतकडून येणाऱ्यांनी दीडनंतरची गाडी आधी बघून ठेवा, सत्र वेळेत सुटत नाही.

कथा मी अजून संपादकांकडं पाठवलेली नाही. शेवटचं पान राहिलंय. विलासचा एक पाय आत आहे, कंदील अर्ध्यावर आहे, आणि तानाक्कानं दोरी थांबवलीय. ती अजून काही बोललेली नाही. मी लिहायला बसते तेव्हा तिच्या तोंडी येणारं पहिलं वाक्य दर वेळी आईचं असतं, ‘नको रे बाळा.’ ते खोडते आणि पुन्हा हळदीच्या वासापासून सुरुवात करते.